कवीश्वरांचे दोन ग्रंथ आणि साधकाचे अंतःकरण



मागे एकदा पोथीचे निरूपण संपल्यावर एका वासनिक भगिनीने प्रश्न केला, "बाबा, प्रपंच अनित्य आहे, असे तुम्ही नित्य सांगता. मग आपल्याच कवींनी वसंताचे, चांदण्याचे, पाखरांचे एवढे कौतुक का केले? ते ऐकताना आमचे डोळे भरून येतात, तो मोहच म्हणायचा का?" मी त्या वेळी घाईने काहीतरी उत्तर दिले. त्या दंडवत करून निघून गेल्या, पण त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. तोच प्रश्न आज पुन्हा हाती घेत आहे.

या प्रश्नाचा विचार कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांच्या चरित्रापासून केला पाहिजे; कारण हाच प्रश्न त्यांच्याही वाट्याला आला होता. आचार्य श्रीनागदेवांच्या चरणी अनुसरलेला हा विद्वान पुरुष संस्कृत काव्यशास्त्रात पारंगत होता. त्यांनी 'शिशुपालवध' रचला. ग्रंथाचे नाव वीररसाचे, पण त्यात कवीचे चित्त रमले ते द्वारकेच्या वैभवात, वसंताच्या आगमनात, जलक्रीडेत, श्रीकृष्णचक्रवर्ती आणि रुक्मिणी यांच्या रुसण्याफुगण्यात. ग्रंथ गुरुबंधूंना दाखविला, तेव्हा अभिप्राय आला की, ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही. प्रवृत्तांना तो रुचेल. त्यानंतर कवीश्वरांनी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली.

ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु ती सांगण्याची आपली रीत मला अलीकडे अपुरी वाटू लागली आहे. भावना वाईट, वैराग्य चांगले. कवी चुकला, त्याला समज मिळाली, तो सुधारला, असे आपण सांगतो. तसे असते तर कवीश्वरांनी लेखणीच खाली ठेवली असती. त्यांनी ती ठेवली नाही. शिवाय मार्गातील वृद्धांनी 'शिशुपालवध' टाकूनही दिला नाही. साती ग्रंथांच्या मालिकेत तो 'उद्धवगीते'च्या शेजारी मानाने ठेवला, पिढ्यानुपिढ्या त्याच्या प्रती केल्या आणि तो पाठही केला. अभिप्रायात जो भेद दाखविला होता तो भावना असावी की नसावी हा नव्हता. भावना साधकाला कोठे नेऊन सोडते, हा होता.

दोन्ही ग्रंथांत सृष्टी आहे. 'शिशुपालवधा'तील सृष्टी शृंगाराची साहाय्यकारी आहे. वारा, चंद्र, कोकिळ हे सारे नायक-नायिकांच्या मनातील ओढ वाढविण्यासाठी येतात. वाचकाचे मन तेथे विसावते, सुखावते, आणि तेथून उठावेसे त्याला वाटत नाही. एकादश स्कंधात मात्र श्रीकृष्णचक्रवर्ती उद्धवदेवांना यदु राजा आणि अवधूत यांचा संवाद सांगतात. या अवधूताला श्रीदत्तात्रेयप्रभू म्हणून ओळखण्याची परंपरा आहे. त्यांनी २४ गुरू सांगितले. पृथ्वीपासून सहनशीलता घेतली. नद्या भरून आल्या तरी समुद्र मर्यादा सोडत नाही आणि ग्रीष्मात आटतही नाही, हे पाहिले. सूर्य किरणांनी पाणी शोषतो आणि काळ येताच ते परत देतो, त्या पाण्यावर तो आसक्त होत नाही, हे पाहिले. येथे सृष्टी भोगाची सामग्री नाही, आणि पूज्य देवताही नाही. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ पृथक् आहेत. म्हणून आपला कवी नदीला किंवा चंद्राला परमेश्वर म्हणणार नाही. इतरत्र कवींना ती मोकळीक असते, आपल्याला नाही. पण प्रपंच परमेश्वर नाही म्हणून त्याच्याकडे पाहूच नये, असे अवधूतांनी मानले नाही. जितके त्यांनी पाहिले, तितके निरखून फारच थोड्या कवींनी पाहिले असेल.

आता कपोताची कथा पाहा. अरण्यात एका झाडावर कपोत आणि कपोती राहतात. एकमेकांवाचून त्यांना क्षणभर करमत नाही. पिले होतात, त्यांचे कोवळे पंख, त्यांचे कूजन, घरट्यातून पुढे येऊन चोची उघडणे, यांत दोघे सुखावतात. एके दिवशी ती चारा आणण्यास गेली असता पारधी जाळे पसरतो आणि पिले अडकतात. कपोती परत येऊन पाहते, आक्रोश करीत धावते आणि तीही जाळ्यात पडते. कपोत वर बसून विलाप करतो. त्याला जाळे दिसत आहे, त्यातील मृत्यू दिसत आहे. तरीही तो उडी घेतो.

अतिस्नेहाने घात होतो, हा या कथेचा बोध. तो एका वाक्यात सांगता आला असता. मग घरटे, चोची, पंख यांवर एवढी शब्दसंपदा कशाला? कारण ज्याला त्या पिलांविषयी माया वाटली नाही, त्याला जाळे दिसणारच नाही. कवी आपल्याला आधी कपोत करतो, आणि मगच अवधूतांच्या शेजारी उभे करतो. जे अंतःकरण कधी द्रवलेच नाही त्याला आम्ही विरक्त म्हणत असू, तर आमची व्याख्या चुकते आहे. दगडही कोणावर आसक्त होत नाही.

आणि संपूर्ण 'उद्धवगीता' ज्या प्रसंगावर उभी आहे, तो प्रसंग तरी कोणता? श्रीकृष्णचक्रवर्ती अवतारकार्य आटोपून निघणार आहेत आणि उद्धवदेवांना ते जाणवले आहे. सारे ज्ञान वियोगाच्या उंबरठ्यावर सांगितले गेले आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या उत्तरापंथे गमनानंतर आपला मार्गही याच विरहात उभा राहिला. लीळांचे स्मरण झाले ते त्यातूनच. म्हाइंभट्टांनी लीळा लिहून घेतल्या, त्यात अलंकार नाहीत. गाव, नदी, वृक्ष यांची नुसती नावे आहेत. तरी ती नावे वाचताना कंठ दाटतो. नारायणबास बहाळियांनी श्रीगोविंदप्रभूंना पाहिलेही नव्हते. तरी त्यांनी 'ऋद्धिपुरवर्णन' लिहिले. ऋद्धिपुरात हिमालय नाही की समुद्र नाही. वऱ्हाडची काळी जमीन आणि साधे गाव. कवीला जो उमाळा येतो तो या संबंधाचा आहे. स्थानाला आपण दंडवत घालतो ते दगडाला नव्हे, त्या चरणस्पर्शाला. आर्ती आणि अनुसोच यांना आपल्या आचारात जे मोल आहे, ते ज्याला रडता येते त्यालाच कळेल. त्या भगिनींना मी आज एवढेच सांगेन की, डोळे भरून आले याची लाज बाळगू नका. ते कोणासाठी भरले, एवढे मात्र नंतर एकांतात पाहावे.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. अकराव्या वर्षी मला मार्गात आणून सोडले. मातोश्री सोडावयास आल्या होत्या आणि परत जाताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. काही महिन्यांनी पाठात कपोताचा प्रसंग आला. कपोती धावते त्या ठिकाणी माझा आवाज बंद झाला. सोबतचे विद्यार्थी हसले. आमचे गुरुजी कठोर म्हणून प्रसिद्ध होते. आता शिक्षा होणार, असे मला वाटले. ते म्हणाले, "उद्या येथूनच म्हण." दुसऱ्या दिवशी मी म्हणू लागलो. त्याच जागी आलो तेव्हा माझा आवाज निभावला, पण गुरुजी उठून अंगणात गेले. बराच वेळ ते पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा मी पोथी मिटून ठेवली होती. त्यांनी ती पुन्हा उघडली आणि पुढची ओवी कोणती, एवढेच विचारले.