ध्वनीचे मूळ विसरण्याचा अधिकार

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अध्यापनातील पहिला धडा बहुधा विस्मरणाचा असतो. फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेरने १९४८ मध्ये आगगाडीच्या ध्वनिमुद्रणांतून 'मूर्त संगीता'ची रचना सिद्ध केली आणि पुढे १९६६ च्या ग्रंथात तिच्यामागील श्रवणपद्धती विस्ताराने मांडली. ध्वनी कोठून आला, तो काय सुचवतो, हे बाजूला सारून केवळ त्याचा पोत आणि घडण ऐकायची, हे तिचे सूत्र. मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला ही भूमिका अपरिचित वाटणार नाही. मर्ढेकरांनी सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयनियमांत शोधले, तेव्हा लौकिक संदर्भ असाच बाहेर राहिला होता.

परंतु ध्वनीचे मूळ आगगाडी नसून माणूस असेल तर? स्टीव्ह राइशची 'कम आउट' (१९६६) ही रचना हार्लेममधील सहा कृष्णवर्णीय तरुणांच्या फेरखटल्यासाठी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या मदत-कार्यक्रमाकरिता निर्माण झाली. त्यांपैकी डॅनिअल हॅमला पोलिसांनी मारहाण केली होती. रक्त दिसल्याखेरीज रुग्णालयात नेणार नाहीत, म्हणून त्याने आपली सूज स्वतःच फोडली. हे सांगणाऱ्या त्याच्या वाक्यातील पाच शब्द टेपच्या दोन मार्गांवर फिरत राहतात, हळूहळू एकमेकांपासून सरकतात, दोनांचे चार आणि चारांचे आठ आवाज होतात. सुमारे तेरा मिनिटांत वाणी विरते आणि स्पंदन उरते.

केवळ टेपची प्रक्रिया शिकवणारा अध्यापक येथे एका साक्षीदाराला दुसऱ्यांदा गप्प करतो, असा आक्षेप घेता येईल. उलटपक्षी, केवळ अत्याचाराची हकीकत सांगणारा अध्यापक विद्यार्थ्याच्या हाती दस्तऐवज देतो, कलाकृती नव्हे. करुणेने भारावलेला कानही न ऐकणाराच असतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली आहे. त्या दोन ध्रुवांमधील ताण येथे नैतिक रूप धारण करतो.

या पेचातून वाट दाखवते ती रचनाच. तिच्या आरंभी हॅमचे पूर्ण वाक्य तीनदा ऐकू येते. विघटन त्यानंतर सुरू होते. म्हणजे विस्मरणापूर्वी ओळख करून देण्याची जबाबदारी रचनेने स्वतः पत्करली आहे. शेफेरने ज्या घटितशास्त्राचा आधार घेतला, तेही जगाला कंसात ठेवते, पुसून टाकत नाही. म्हणून ध्वनीचे मूळ विसरण्याचा अधिकार, ते आधी जाणून घेतलेल्यालाच पोहोचतो. ध्वनींच्या सरकण्याचे अचूक मोजमाप करून हॅमचे नावही न घेणारा प्रबंध तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असेल. प्रामाणिक असेलच असे नाही. शेफेरच्या रचनेवर आगगाडीचे ऋण नव्हते. राइशच्या रचनेवर हॅमचे आहे, आणि तिचे अध्यापन करणाऱ्यावरही.