ओळख त्यांची, नोंदवही आपली

चि. मुक्ता,


वाचनालयाच्या वेबसाइटचा कोड पाहिला. 'गूगलने लॉगिन करा' हे बटण झकास चालतंय. माझी तक्रार आहे ती त्याच्या मागच्या टेबलाबद्दल.

तू सभासद ईमेलवरून शोधतेस. गूगलकडून आलेला पत्ता टेबलात सापडला की माणूस आत. अगं, आपल्याकडे कितीतरी घरांत एकच जीमेल असतं, तेही मोबाइलच्या दुकानातल्या पोराने काढून दिलेलं. त्याच पत्त्यावर वडिलांचं सभासदत्व, आईचं आणि धाकट्याचं बालविभागातलंही. आत आलेला यातला कोण, हे तुझा कोड कसं ठरवणार? सध्या तो पहिली सापडेल ती ओळ उचलतो. म्हणजे आईने लॉगिन केलं तरी तिला वडिलांचा दंड दिसणार! शिवाय पत्ते बदलतात. ऑफिसचा पत्ता तर नोकरी सुटल्यावर उद्या दुसऱ्यालाही मिळू शकतो.

2014 साली ओपनआयडी कनेक्ट हे प्रमाण आलं, त्यातच यावर तोड आहे. गूगल जे आयडी टोकन देतं त्यात 'सब' नावाचा एक रकाना असतो. तो त्या खात्याचा कायमचा क्रमांक, पुन्हा दुसऱ्या कुणाला न मिळणारा. शेजारी 'आयएसएस' असतो, म्हणजे टोकन कुणी दिलं ते. ही जोडी धर आणि ईमेल फक्त निरोप पाठवायला ठेव. जोडीसाठी वेगळं टेबल कर आणि तिच्यासमोर आपला सभासद क्रमांक लिही. मग एका खात्याला घरातले तिघे जोडता येतात आणि लॉगिननंतर 'कुणाचं खातं बघायचं?' एवढंच विचारावं लागतं. पुढे अ‍ॅपलचं लॉगिन घेतलंस तरी याच टेबलात ओळी वाढतील. तिथे वापरणाऱ्याने ठरवलं तर त्याचा खरा ईमेल तुला कळतही नाही, हेही लक्षात असू दे.

ईमेल जुळला म्हणून जुनं सभासदत्व आपोआप जोडून टाकायचा मोह होईल. तो आवर. सभासदाला एकदा जुन्या पासवर्डने आत येऊ दे, मग जोड. पासवर्ड विसरला असेल तर काउंटरवर कार्ड दाखवू दे. मी उगाच घाबरवत नाही. 2020 मध्ये भावुक जैन या भारतीय संशोधकाने अ‍ॅपलच्या लॉगिनमधली एक चूक उघड केली. कुणाचाही ईमेल सांगितला तरी अ‍ॅपलचा सर्व्हर त्या नावाचं टोकन सही करून देत होता. सही अस्सल, माणूस मात्र भलताच. अ‍ॅपलने चूक दुरुस्त केली, गैरवापर झाल्याचं आढळलं नाही असं सांगितलं आणि जैनना एक लाख डॉलर बक्षीस दिलं.

टोकन तपासण्याचं काम स्वतः लिहू नकोस, नावाजलेली लायब्ररी वापर. फक्त 'ऑड' रकाना ती तपासते ना, ते बघ. नाहीतर दुसऱ्याच अ‍ॅपसाठी दिलेलं टोकन आपल्याकडे खपून जाईल.

आता लॉगआउट. वाचनकक्षातल्या संगणकावर जोशीकाका आपल्या साइटमधून बाहेर पडतात, पण ब्राउझरमध्ये त्यांचं गूगल खातं उघडंच राहतं. पुढच्याने बटण दाबलं की तो जोशीकाका होऊन आत! विनंतीत 'प्रॉम्प्ट'ला 'सिलेक्ट अकाउंट' दे, म्हणजे खातं निवडायचा पडदा तरी येईल. त्या यादीत काकांचं नाव असणारच, म्हणून तो संगणक गेस्ट मोडवरच ठेवायला ग्रंथपालांना सांग. हे काम कोडने होण्यासारखं नाही.

जुना पासवर्डही काढू नकोस. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा फेसबुकच्या लॉगिनवर विसंबलेल्या इतर साइट्सवरही लोक खोळंबले. आणि ज्यांच्याकडे जीमेलच नाही अशा आजोबांनी काय करायचं?

तुझा,
मामा

ता. क. गूगलने दिलेली क्लायंट सीक्रेट तू कोडमध्येच ठेवली आहेस आणि कोड गिटहबवर सगळ्यांना खुला आहे. नुसती ओळ पुसून भागणार नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. आज रात्रीच नवी काढ आणि जुनी रद्द कर. बाकीचं सवडीने केलंस तरी चालेल.