अर्धा उपचार

कंपाला येथील मुलागो रुग्णालयांतील किरणोपचाराचें यंत्र २०१६ सालीं कायमचें बंद पडलें. साऱ्या युगांडांत तें एकटेंच होतें. दुसरें कार्यास लागण्यास जवळजवळ दोन वर्षें गेलीं. अशा देशांत कर्करोगी मुलांवरील किरणोपचार चांगला होतो कीं नाहीं, हें विचारणें म्हणजे उपाशी माणसापुढें कोशिंबिरीची चर्चा करणें होय, असें पुष्कळ समंजस लोक म्हणतात. यंत्र तर येऊं द्या. गुणाचा विचार मागाहून!

आमच्या मतें ही उपमाच चुकते. शिळी भाकरीही पोट भरते. चुकलेला किरण तसा नव्हे. लहान मेंदूंत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमाचें उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेनंतर साऱ्या मेंदूला व कण्याला बहुधा किरण द्यावे लागतात. दोन क्षेत्रांच्या सांध्यावर मात्रा कमी पडली तर रोग तेथून डोकें वर काढूं शकतो. अधिक पडली तर मज्जारज्जूस इजेचें भय. मध्येंच खंड पडल्यास आशा घटते. शिवाय हें शरीर वाढतें आहे. खुंटलेली उंची, मंदावलेली बुद्धि, कित्येक वर्षांनीं उद्भवणारा दुसरा कर्करोग, हा हिशेब पुढें येतो तेव्हां उपचार करणारे वही मिटून मोकळे झालेले असतात.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाहीं. चार वर्षांच्या मुलास यंत्राखालीं निश्चल ठेवावयाचें तर बहुधा रोज भूल द्यावी लागते, आणि हा क्रम कित्येक आठवडे चालतो. तेवढ्या वेळांत अनेक प्रौढांचें काम उरकलें असतें. दारांत रांग असतां हें न्याय्य आहे काय? आम्हांस वाटतें, आहे. पण उपचार पुरा होणार असेल तरच. बरें करण्याच्या नांवाखालीं अर्धा उपचार करून आकडा वाढविणें हा मुलावरही अन्याय व रांगेवरही. वेदना शमविण्यासाठीं दिलेला किरण निराळा; तो थोडक्यांत देतां येतो, आणि त्याचें मोल मोठें आहे.

गुण म्हणजे महागडें यंत्र, ही समजूतही खरी नव्हे. १९६९ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक आरोग्य संघटना टपालानें लहानसे मापक पाठवून दूरदूरच्या रुग्णालयांतील मात्रा तपासून देत आल्या आहेत. कोबाल्टचें तेज सुमारें सव्वापांच वर्षांत निम्में होतें, हें पंचांगाइतकें निश्चित. तरी नव्या कोबाल्टची तरतूद राहून गेली, तर दोष केवळ दारिद्र्याचा म्हणवत नाहीं.

जगांतील कर्करोगी मुलांपैकीं निदान शेंकडा ६० मुलें २०३० पर्यंत वांचावीं, असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सोडला. वांचलेलें मूल पुढें शाळेंत टिकलें काय, हें अशा आंकड्यांत येत नाहीं. रुग्णालयांनीं तें आपल्या वहींत तरी लिहून ठेवावें, एवढें आमचें मागणें आहे.