माळा आवरताना परिग्रहाचा विचार
घर आवरणे हा वरवर सोयीचा प्रश्न वाटला, तरी जैन आचारशास्त्राने तो व्रताच्या कोटीत नेला असून, गृहस्थाच्या पाच अणुव्रतांपैकी, म्हणजे संसारी माणसाला झेपतील अशा मर्यादित व्रतांपैकी, पाचवे परिग्रहपरिमाण होय. त्यात मालकीच्या वस्तूंची कमाल मर्यादा स्वतःच आधी ठरवावयाची असते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या अतिचारांत, म्हणजे मर्यादाभंगांत, शेत, सोने व धान्य यांच्या जोडीला ‘कुप्य’, अर्थात भांडीकुंडी व कपडेलत्तेही येतात, हे विशेष. त्याच ग्रंथाने मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हटले असल्याने, माळ्यावरची झाकण हरवलेली बरणी ‘लागेल कधीतरी’ म्हणून पुन्हा वर जाते, तेव्हा अडचण जागेची नसते. नोकरी-शाळेच्या धावपळीतल्या कुटुंबाने म्हणूनच नवे डबे आणण्याआधी जुन्यांची संख्या ठरवावी.