तात्पुरत्या घरात किती कमी चालते?

आपल्या बोलण्यात ‘तात्पुरते’ हा शब्द फार सहज येतो. चाळ पडली, रस्ता रुंद झाला, रेल्वेचा रूळ वाढला, की शासन सांगते, या कुटुंबांची तात्पुरती सोय केली आहे. आपणही ते ऐकून निश्चिंत होतो. परंतु तात्पुरते म्हणजे किती दिवस, आणि तात्पुरते आहे म्हणून माणसाला किती कमी दिले तर चालते, हे कुणी विचारीत नाही. हा प्रश्न केवळ अभियंत्याचा नाही, तो नीतीचा आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. जुन्या चाळी कोसळून माणसे मरू लागली तेव्हा १९६९ साली कायदा झाला. चाळींवर उपकर बसला, घरदुरुस्ती मंडळ आले आणि मोडकळीस आलेल्या इमारतींतील भाडेकरूंसाठी संक्रमण शिबिरे उभी राहिली. चाळ नव्याने बांधून होईपर्यंत येथे राहायचे, असा हिशेब होता. तो हिशेब कागदावरच राहिला. कित्येक चाळी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, आणि शिबिरात आलेल्या तरुण सुनेला तिची सूनही शिबिरातच आणावी लागली. शीव येथे ज्या वस्तीत अशी शिबिरे आहेत, तिचे नाव प्रतीक्षानगर! नाव कुणी कोणत्या हेतूने ठेवले असेल ते असो, अर्थ मात्र खरा ठरला.

शिबिरातल्या माणसाजवळ निदान एक कागद असतो. पदपथावरच्या कुटुंबाजवळ तोही नसतो. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या उखडण्यात आल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र नोटीस देऊन पदपथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. १९७६ च्या गणतीत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले, आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हलवू नये असा आदेश दिला. पुढे २०१० साली त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास आणि बारा महिने उघडा असणारा निवारा असावा असे ठरविले. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे एकशे वीसहून अधिक निवारे हवेत. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही कधी उभे राहिले नाहीत. जे आहेत तेथे पुरुष एकीकडे आणि बायका-मुले दुसरीकडे अशी विभागणी असली, की नवरा-बायको निमूटपणे पुलाखाली परत जातात. कुटुंब मोडून छप्पर घ्यायला गरीब माणूसही तयार नसतो. यात त्याचे काय चुकले?

मी शिक्षक आहे, म्हणून मला हा प्रश्न मुलांच्या बाजूने दिसतो. मोठ्या माणसाला पाच वर्षे हा वाट पाहण्याचा काळ वाटू शकतो. मुलाला पाच वर्षे म्हणजे अक्षर गिरवण्यापासून अपूर्णांकापर्यंतचे सगळे शिक्षण. त्याचे बालपण शासनाच्या फायलीबरोबर थांबून राहात नाही. ज्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, जेथे संडासासाठी पहाटे रांगेत उभे राहावे लागते आणि रात्री मुलीला एकटे पाठवता येत नाही, तेथून मूल शाळेत येते ते पेंगतच येते. आम्ही त्याला आळशी म्हणतो. त्यात दर वर्षा-दोन वर्षांनी जागा बदलली की शाळा सोडल्याचा दाखला आलाच. ‘तात्पुरते’ हे विशेषण घराला लागते, त्यात वाढणाऱ्या मुलाला लागत नाही.

यावर शहाणी माणसे दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की शिबिर चांगले केले तर लोक तेथून हलणारच नाहीत. परंतु मुंबईतली शिबिरे वाईट असूनही लोक तेथे दोन-दोन पिढ्या राहिले. वाईटपणाने कुणी हलले नाही, कारण जायला घरच नव्हते. दुसरा आक्षेप वजनदार आहे : तो पैसा पक्क्या घरांवर का खर्च करू नये? करावा, अवश्य करावा. पण पक्के घर मिळेपर्यंतच्या काळाला कुणीतरी तारीख घालून द्यावी आणि ती तारीख टळल्यास दंड सोसावा. तसे होत नसेल तर तोवर नळ, दार, कडी, खिडकी आणि बाईमाणसासाठी उजेडातला संडास यांत काटकसर करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील की सारेच अनित्य, मग घराचे एवढे काय? हा अनित्यतेचा दुरुपयोग आहे. भिक्खूंचा वर्षावास तीन महिन्यांचा. तरीही विनयपिटकात निवासाविषयी एक सबंध प्रकरण आहे. जोते उंच घ्यावे, दाराला अडसर असावा, खिडकीला जाळी असावी, पायऱ्यांना कठडा असावा, अशा बारीकसारीक गोष्टी तेथे आहेत. गृहत्याग केलेल्यांची एवढी चिंता, तर ज्यांनी घर सोडले नाही, ज्यांचे घर काढून घेतले, त्यांचे काय?

घर कोठे दिले यालाही महत्त्व आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडल्यावर २०१७ पासून तेथील कुटुंबे माहूलला पाठविण्यात आली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्याला घातक असल्याचे हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच म्हटले होते. कागदावर ती घरे कायमची होती, पण राहणारे सुटकेसाठी धरणे धरून बसले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, माहूलला जाण्याची सक्ती करू नये, सोय होत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. आपल्या वाडवडिलांची वस्ती गावकुसाबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून वसविलेली असे. तेव्हा माहूलचे राजकारण आपणांस वेगळे समजावून सांगायला नको.

चांगले काय ते ठरवायचे कुणी? १९८० च्या दशकात भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांनी ‘महिला मिलन’ या नावाने एकत्र येऊन आपल्या घराचा आराखडा स्वतः केला. कापड आणि लाकूड वापरून पूर्ण मापाचा नमुना उभा केला. त्यांनी उंची चौदा फूट धरली, म्हणजे वर माळा काढून मुलांना झोपता येईल. कार्यालयात बसून कुणाला हे सुचले नसते. ज्या बाईने दहा बाय बाराच्या जागेत सात माणसे निजवली आहेत, तिलाच ते सुचणार.

आता आपल्याविषयी. आपल्यातल्या अनेकांना आता पक्की घरे आहेत. आणि वस्तीजवळ बेघरांचा निवारा होणार म्हटले की विरोधाच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांत आपलीही नावे असतात. पुलाखालच्या पारधी कुटुंबाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते प्रत्येकाने मनाशी तपासावे. कधीकाळी आपल्यालाही ‘हे लोक’ म्हणत. आपल्या कित्येक विहारांना आणि समाजमंदिरांना नळ आहे, संडास आहे, दिवे आहेत, आणि रात्री कुलूप आहे. जून उजाडण्यापूर्वी आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय निघावा : पावसाचे चार महिने दोन-तीन कुटुंबांना ती जागा देता येईल काय, किल्ली कुणाकडे राहील, आणि त्यांच्या मुलांची नावे जवळच्या शाळेत घालायला त्यांच्याबरोबर कोण जाईल?