मूठभरांचं चित्र

रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईचा हजार तुकड्यांचा जिगसॉ जुळवायला घेतला की लाल डगले आधी हाती लागतात. तो रंग चटकन वेगळा काढता येतो. पाठोपाठ पोत्यांची तटबंदी, जळणारं इस्पितळ, काडतुसं वाटत फिरणारा पाद्री. मग उरतो धूर. करडा, पिवळट, सगळीकडे सारखा. त्या धुराशी झटताना लक्षात येतं, की आपण जे तुकडे शेवटावर टाकले, त्यांतच झुलू आहेत. हजारोंचा हल्ला दाखवणाऱ्या चित्रात हल्ला करणारे जेमतेम दिसतात.

मूळ चित्र अल्फोन्स द नव्हिल या फ्रेंच चित्रकाराचं, १८८० सालचं, तब्बल तीन मीटर रुंद. १८८२ मध्ये ते सिडनीच्या कलासंग्रहालयानं विकत घेतलं. प्रसंग २२ जानेवारी १८७९चा. दक्षिण आफ्रिकेत बफेलो नदीच्या उतारावर एक मिशन होतं, तिथे ब्रिटिश सैन्यानं कोठार आणि इस्पितळ थाटलं होतं. चार्ड आणि ब्रॉमहेड या दोन लेफ्टनंटांच्या हाताखालच्या सुमारे दीडशे माणसांनी मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवलं. अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मराठी माणूस या गोष्टीपुढे सहज विरघळतो. खिंड, मूठभर माणसं, अंगावर येणारी फौज. आपल्याला पावनखिंड आठवते. ही ओढ खोटी नाही, त्या दीडशे जणांचं धैर्यही खोटं नाही. पण बाजीप्रभू लढले ते आपल्याच मुलखात, आपल्या राजाला विशाळगडावर पोचवण्यासाठी. रोर्क्स ड्रिफ्टचं ठाणं नदीच्या अलीकडे, ब्रिटिश नाताळात होतं, आणि राजाची मनाई मोडून झुलू नदी ओलांडून आले, हेही खरं. तरी ते ठाणं होतं झुलूंच्या राज्यावर चालून गेलेल्या सैन्याचं. किती विरुद्ध किती, एवढंच चित्रात मावतं. कोण कुणाच्या मुलखात शिरलं, ते मावत नाही.

चढाईची ठिणगी टाकणारा माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १८४८ मध्ये छत्रपती आप्पासाहेब वारले आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं, तेव्हा तिथला रेसिडेंट होता बार्टल फ्रिअर. पुढे तोच तिथे कमिशनर झाला. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. फोर्टची तटबंदी पाडून शहर मोकळं केलं त्याच्याच कारकिर्दीत. तोच फ्रिअर दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर झाल्यावर ११ डिसेंबर १८७८ला त्यानं झुलूंचा राजा सेटश्वायो याला निर्वाणीचा खलिता धाडला: तुझी लष्करी व्यवस्था मोडून टाक. कुठलाही राजा हे मान्य करणार नाही, हे त्याला कळत असणारच. लंडनच्या सरकारला तेव्हा हे युद्ध नको होतं. महिन्याभरानं सैन्य सरहद्द ओलांडून गेलं.

रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईच्या काही तास आधी, काही मैलांवर, इसांडल्वानाला झुलूंनी ब्रिटिशांची छावणी उद्ध्वस्त केली. ब्रिटिशांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक पडले, त्यांत त्यांच्यासाठी लढणारे आफ्रिकीही शेकड्यांनी होते. एवढ्या मोठ्या पराभवाच्या बातमीबरोबर इंग्लंडला एक विजय हवा होता, आणि तो या मिशननं पुरवला. सकाळी तटबंदीभोवती पडलेल्या जखमी झुलूंना सैनिकांनी ठार मारलं. चौकटीतला प्रसंग त्याआधी संपतो. १९६४च्या ‘झुलू’ या चित्रपटानं तर शेवटी झुलूंना शत्रूच्या शौर्याला मानवंदना देताना दाखवलं. असं काही घडलं नव्हतं.

जिगसॉचा जन्मच नकाशातून झाला. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमारेषांवर कापले आणि भूगोलाचं साधन म्हणून विकले. तिसऱ्या जॉर्जची मुलंही अशाच नकाशांवर शिकली. देश उचलून त्याच्या जागी बसवायचा, आणि तो चपखल बसला की आनंद मानायचा. ज्या मुलांच्या हाताला ही सवय लागली, त्यांतली काही पुढे खरोखरच देशांच्या सीमा आखायला बसली असतील.

तरीही अशी चित्रं दुकानांतून काढून टाका, असं मी म्हणणार नाही. भिंतीवरच्या चित्रापुढून आपण मिनिटभरात पुढे सरकतो. जिगसॉ धुरात तासन्‌तास अडकवून ठेवतो. तिथे नायकाच्या चेहऱ्याचा तुकडा आणि धुराचा तुकडा यांचं माप एकच. इतका वेळ त्या काळोख्या कडेला रेंगाळलेल्या मुलानं ‘ही माणसं कोण?’ असं विचारलं, तर उत्तर देणारं कुणीतरी शेजारी हवं.

उत्तराला जोड म्हणून एक चित्र सुचवतो. त्याच १८७९च्या जुलैत उलुंडीला झुलू हरले, सेटश्वायो पकडला गेला, राज्याचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले. १८८२च्या ऑगस्टमध्ये तो आपलं राज्य परत मागायला इंग्लंडला जाऊन राणीला भेटला. कार्ल सोन या जर्मन चित्रकारानं त्याच वर्षी राणीसाठी त्याचं व्यक्तिचित्र रंगवलं, ते आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यात सेटश्वायो धुरात नाही, समोर आहे. त्याचा हजार तुकड्यांचा जिगसॉ कुणी बाजारात आणला, तर दिवाळीची भेट म्हणून मी दोन्ही खोकी एकत्रच देईन.