गीतादींची समिती

महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर 2023मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं, तेव्हा श्रेय घ्यायला सगळेच पक्ष पुढे सरसावले. ज्यांनी या विधेयकाची घडी बसवली, त्या गीता मुखर्जी 2000 सालीच, खासदार असतानाच गेल्या.

पश्चिम बंगालमधल्या पांसकुड्याच्या या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या खासदार. 1980पासून सलग सात वेळा निवडून आल्या. 12 सप्टेंबर 1996 रोजी देवेगौडा सरकारनं विधेयक मांडलं, ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि अध्यक्षपद गीतादींकडे आलं. समितीत कोण होतं पाहा: सुषमा स्वराज, उमा भारती, ममता बॅनर्जी, नितीशकुमार, शरद पवार, सुशीलकुमार शिंदे. एरवी सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी ही मंडळी. तरी तीन महिन्यांच्या आत, 9 डिसेंबरला अहवाल संसदेसमोर होता. आपल्याकडच्या समित्यांची चाल ठाऊक असलेल्यांना यातली नवलाई वेगळी सांगायला नको.

अहवालातली एक दुरुस्ती मला फार आवडते. मूळ मसुद्यात ‘एक-तृतीयांशापेक्षा कमी नाही’ इतक्या जागा राखायच्या होत्या. समितीनं सुचवलं, ‘शक्यतो एक-तृतीयांशाच्या जवळ’ म्हणा. गोव्याची विधानसभा घ्या. जागा 40, तिसरा हिस्सा 13.33. जुन्या शब्दांनी 14 जागा राखाव्या लागल्या असत्या, नव्या शब्दांनी 13 पुरतात. म्हणजे चळवळीतून आलेल्या बाईंच्या समितीनं बायकांच्या पदरातली एखादी जागा सोडायची तयारी दाखवली, पण उद्या कोर्टात कीस पाडला जाईल अशी फट ठेवली नाही.

इतर मागासवर्गीय स्त्रियांचा प्रश्न अवघड होता. त्यांच्यासाठी वेगळा वाटा हवा, अशी भिन्नमताची टिप्पणी नितीशकुमारांनी जोडली. मुळात लोकसभेत ओबीसींना आरक्षणच नव्हतं, म्हणून समितीनं ‘योग्य वेळी सरकारनं विचार करावा’ एवढंच म्हटलं. घोंगडं भिजत ठेवलं, असा आरोप होऊ शकतो, आणि तो अगदीच खोटा नाही. पण गीतादी तिथेच अडून बसल्या असत्या तर अहवालच निघाला नसता.

पुढे विधेयकाची परवड झाली. 1998 साली त्याच्या प्रती भर सभागृहात फाडल्या गेल्या. 2010 साली राज्यसभेत 186 विरुद्ध 1 अशा मतांनी ते पार पडलं (तो एक म्हणजे आपले शेतकरी नेते शरद जोशी) आणि लोकसभेत पुन्हा अडकलं. अखेर 106वी घटनादुरुस्ती झाली, ती समितीनं सुचवलेली ‘शक्यतो जवळ’ची शब्दरचना घेऊनच. श्रेयाची यादी कुणी करायला बसलंच, तर पहिलं नाव गीता मुखर्जींचं लिहावं.